शुद्धमती बोटीचं पांढरं पीस

एका जंगलात, बाळांनो, समुद्र होता.

हसू नका. जंगलात समुद्र कसा, असं ज्याला विचारायचं असेल त्याने घरी जाऊन भूगोल वाचावा. या जंगलाला समुद्र होता, समुद्राला खाडी होती, खाडीला धक्का होता आणि धक्क्याला लागून वाळूचा लांबलचक पट्टा होता. त्या वाळूत काय झालं त्याचीच ही गोष्ट आहे. मागच्या रांगेतल्यांनी शेंगा खाणं थांबवावं.

तर धक्क्यावर एक आगबोट लागायची. पलीकडच्या बेटावर चारा छान, फळं छान, म्हणून सगळं जंगल त्या बोटीने ये-जा करायचं. बोट रंगूशेठ तरसाची होती. ती काळं तेल प्यायची आणि काळा धूर ओकायची. जंगल खोकायचं. वर्षानुवर्षं खोकायचं. कोणी काही बोललं नाही, कारण खोकणाऱ्यांत हरणं होती, ससे होते, भेकरं होती. यांच्या खोकल्याला कोण विचारतो?

मग एकदा महाराजांचा वाढदिवस आला. महाराज म्हणजे सिंह, हे काय सांगायला हवं? मिरवणूक धक्क्यावरून निघाली, वारा उलटा फिरला आणि बोटीची सगळी काजळी महाराजांच्या आयाळीत जाऊन बसली. महाराज काळे कुळकुळीत झाले. गर्दीतलं अस्वलाचं एक पिल्लू आनंदाने ओरडलं, "आई, काका आले!"

झालं. दुसऱ्याच दिवशी दरबार भरला.

"धुराने जंगल तापतं!" महाराज गरजले. "धूर म्हणजे जंगलाचा शत्रू! आजपासून धूर बंद!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आणि गंमत बघा, महाराज खरं बोलले होते. चुकून बोलले, पण खरं बोलले. बोटीच्या धुराड्यातून जे जातं त्याने जंगल तापतंच. फक्त हे बोलताना महाराजांच्या डोक्यात आयाळ होती, जंगल नव्हतं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

रंगूशेठ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने धूर बंद म्हटल्यावर तोंड पाडलं नाही. नवी कोरी बोट आणली. नाव ठेवलं शुद्धमती.

"ही तेल पीत नाही महाराज," तो हात जोडून म्हणाला. "ही वायू पिते. दलदलीत बुडबुडे येतात ना, तसला वायू. नैसर्गिक! धूर नाही, काजळी नाही, वास नाही. गायीसारखी गरीब बोट आहे."

आता इथे जरा कान देऊन ऐका, कारण दरबारात कोणी दिला नव्हता. हा वायू नीट जळला, तर खरंच बरा. जळून जे होतं त्याची जंगलावर चादर पडते. पातळ चादर, पण पडते. आणि न जळता तसाच निसटला, तर त्याची गोधडी पडते. चांगली जाडजूड, कोंबून भरलेली गोधडी. उन्हाळ्यात गोधडी पांघरून झोपा, म्हणजे कळेल.

आणि शुद्धमतीचं इंजिन खाताना सांडणारं होतं. लहान बाळ कसं घास घेतं, अर्धा गिळतं आणि अर्धा हनुवटीवरून खाली सोडतं? तसं. जोरात पळताना थोडं सांडायचं. हळूहळू चालताना भरपूर सांडायचं. सांडलेला वायू धुराड्यातून गुपचूप वर जायचा. तो दिसत नाही, त्याला वास नाही, त्यामुळे तो गेला हे कोणाला कळायचंही नाही. रंगूशेठला मात्र ठाऊक होतं. बोट बनवणाऱ्याने सांगितलं होतं, "शेठ, इंजिनाची भट्टी आणखी नीट करून देतो, थोडा वेळ थांबा." रंगूशेठ म्हणाला, "वेळ कुणाला आहे? वाढदिवस पुन्हा येतोय."

प्रश्न एवढाच उरला, की बोट स्वच्छ आहे हे ठरवायचं कोणी आणि कसं?

तेव्हा धवलकांत बगळा पुढे आला. तुम्ही असे बगळे पाहिले असतील. मान वर, चोच वर, आणि चिखलात उभं राहून चिखलाला नाकं मुरडायची.

"माझ्याइतकं पांढरं या जंगलात कोण आहे?" त्याने विचारलं.

कोणी नव्हतं. ससा होता, पण तो पुढे आला नाही.

"मग मीच परीक्षा. मी धुराड्यावर एका पायावर उभा राहीन. बोट समुद्रात फेरी मारील. मी खाली उतरलो तेव्हा पांढराच असलो, तर बोट स्वच्छ. माझं एक पीस मी तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, खोचीन."

महाराजांना ही पद्धत फार आवडली. समजायला सोपी होती आणि त्यांना स्वतःला काही करायचं नव्हतं.

तेव्हापासून दर पौर्णिमेला परीक्षा होऊ लागली. धुराड्याच्या कडेवर ओलं गोणपाट टाकायचे. त्यावर बगळेसाहेब डोळे मिटून उभे राहायचे. भिवा तांडेल, म्हणजे बोट हाकणारं माकड, शुद्धमतीला मोकळ्या समुद्रात नेऊन जीव खाऊन पळवायचा. जोरात पळाली की सांडणं कमी, हे आत्ताच सांगितलं. तरी थोडं सांडायचंच, आणि ते थेट साहेबांच्या नाकाशी जायचं. साहेबांचं डोकं हलकं व्हायचं, थोडं गरगरायचं. त्यांना वाटायचं, ही समाधी लागली. खाली उतरले की ते काहीबाही बोलायचे आणि लोक लिहून घ्यायचे.

पीस लागलं. ढोल वाजले. परीक्षा संपली की शुद्धमती धक्क्याजवळ परत यायची आणि तिथे उभी राहायची. खाडीत पाणी उथळ, बोट रांगत आत यायची, रांगत बाहेर जायची. बाकीचा दिवस उतारूंची वाट बघत, इंजिन चालू ठेवून, घुर्रर घुर्रर करत त्या वाळूच्या पट्ट्यापाशी डुलायची. परीक्षा फक्त पळण्याची होती. रांगण्याची आणि डुलण्याची परीक्षा कोणाला सुचलीच नाही.

आता त्या वाळूत कोण आलं ते ऐका.

मथुआत्या आली. मथुआत्या म्हणजे समुद्रातली कासवीण. कुठल्या कुठे पोहत गेलेली असली, तरी अंडी घालायला ती ह्याच वाळूवर यायची, कारण ती स्वतः ह्याच वाळूतून बाहेर पडली होती. कासवांत तशी रीतच आहे. दुसरी वाळू चालत नाही. गेल्या खेपेला तिची अंडी वाळूतच वाया गेली होती. वाळू इतकी तापली होती, की एकही पिल्लू बाहेर आलं नाही. त्या दुःखाने ती समुद्रात कितीतरी दिवस काही खात नव्हती.

या खेपेला ती आली तेव्हा धक्क्यावर धूर नव्हता. आकाश निळं होतं. तिने मान वर करून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"सुधारले गं बाई हे लोक," ती स्वतःशीच म्हणाली. "आता माझी पोरं जगतील."

तिने वल्ह्यासारख्या पायांनी खड्डा केला. शंभरावर अंडी घातली. वरून वाळू ओढली, पोटाने थापटून सारखी केली. बाकीच्या कासविणी अंडी घातली की मागे वळून न बघता समुद्रात जातात. आत्याचा पाय निघेना. ती खाडीच्या तोंडाशीच राहिली. रोज वर यायची आणि खड्ड्यावर हनुवटी टेकून वाळूचा अंदाज घ्यायची.

वाळू तापत होती. गेल्या खेपेपेक्षा लवकर तापत होती.

आत्याला काही उमगेना. धूर तर नाही, मग हे काय? एका दुपारी ती तशीच हनुवटी टेकून शुद्धमतीकडे बघत बसली. बोट डुलत होती. धुराड्यातून काही निघत नव्हतं. पण धुराड्याच्या वरची हवा मात्र हलत होती. तिच्यापलीकडचा सरळसोट माड वाकडातिकडा, नाचल्यासारखा दिसत होता.

आत्या उठली आणि सरपटत बगळेसाहेबांकडे गेली. साहेब चिखलात मासा धरून बसले होते.

"बगळेसाहेब, जरा बोलायचं होतं."

"बोला आत्याबाई. थोडक्यात बोला."

"वाळू तापतेय हो. त्या बोटीतून काहीतरी बाहेर पडतंय."

"धूर दिसला?"

"नाही."

"काजळी?"

"नाही."

"मग काय दिसलं?"

"माड वाकडा दिसला."

साहेब इतके हसले, की मासा निसटला. मग मासा गेल्याचा राग त्यांनी आत्यावर काढला. "आत्याबाई, वयोमानाने असं होतं. मी स्वतः त्या धुराड्यावर उभा राहतो. मला कुठे काय होतं? उलट मला शांत वाटतं. धूर नाही म्हणजे काही नाही. आणि काही नाही म्हणजे वाळू तापत नाही."

"पण तापतेय ना! तुम्ही हात लावून बघा."

"वाळू माझ्या कामात येत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

अशांना काय म्हणायचं? तुम्ही घरी जे म्हणता तेच म्हणायचं, फक्त मनात.

आत्या परत आली. अंडी आत होती, वरून भट्टी पेटल्यासारखी वाळू होती आणि तिला करता येण्यासारखं एकच होतं. ती समुद्रात जायची, ओली होऊन यायची आणि खड्ड्यावर निथळत पडून राहायची. वाळू तेवढं पाणी चहासारखं पिऊन टाकायची.

मग भिवाने विडी ओढली.

आता माकडाच्या हाती काडेपेटी दिल्यावर दुसरं काय होणार? डुलणाऱ्या बोटीवर भिवाला काम नव्हतं. तो वाऱ्यापासून आडोसा म्हणून धुराड्यामागे चढला आणि त्याने काडी ओढली. भक्कन आवाज झाला. भिवाच्या भुवया गेल्या, मिशा गेल्या, विडी तर कुठे गेली कोणालाच कळलं नाही. आणि शुद्धमतीच्या धुराड्यावर हातभर उंचीची पिवळी ज्योत फडफडू लागली.

"अगं आई गं!" म्हणून भिवाने पाण्यात उडी टाकली. तो वर आला तो आत्याच्या पाठीवर.

"मेल्या, काय केलंस?" आत्या म्हणाली.

"मी काही केलं नाही आत्या! काडी ओढली फक्त. वर हवेशिवाय काही नव्हतं."

आत्या ज्योतीकडे बघत राहिली. "हवा अशी जळते होय रे? अरे, हे बोटीचं खाणं आहे. आत जळायचं ते न जळताच वर येत होतं. आता निदान वर तरी जळतंय."

भिवाला त्यातलं काही पटो किंवा न पटो, ज्योत मात्र त्याला आवडली. काडेपेटी लागेनाशी झाली. तो तिच्यावर चहा करू लागला, कणसं भाजू लागला. रंगूशेठ बेटावर सासुरवाडीला गेला होता, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं.

आणि इकडे काय झालं? जी गोधडी रोज जाड होत होती, तिच्या जागी चादर पडू लागली. गोष्टीतली वाळू लवकर निवते, तशी ती निवू लागली. एका सकाळी आत्याने हनुवटी टेकली आणि ती चटकन उचलली नाही. गार नव्हती, पण आईला सोसवेल इतकी होती. तिने कान लावला. आत, खोल कुठेतरी, काहीतरी हलल्यासारखं वाटलं.

"आहात रे सगळी?" ती वाळूत तोंड खुपसून म्हणाली. "थोडं थांबा. तुमची आई इथेच आहे."

त्या दिवशी तिने पोटभर खाल्लं.

पण पौर्णिमा आली. रंगूशेठ परत आला, महाराज आले, ढोलवाले आले. ज्योत बघून रंगूशेठचा चेहरा पडला, पण त्याने तो लगेच उचलला. "सजावट आहे महाराज," तो म्हणाला. "आपल्या स्वागतासाठी."

बगळेसाहेब सवयीने डोळे मिटूनच धुराड्यावर चढले. सवय फार वाईट. गोणपाट पेटलं, शेपटाकडची पिसं पेटली, आणि साहेब समाधी सोडून असे काही ओरडले, की पलीकडच्या बेटावरचे कावळे उडाले. खाली आणलं तेव्हा ते अर्धे काळे होते आणि त्यांना जळक्या पिसांचा वास येत होता.

"काळा!" महाराज किंचाळले. "बगळा काळा! बोट घाणेरडी!"

शुद्धमतीचं पीस उपटलं. दरबार तिथेच धक्क्यावर भरला. रंगूशेठने कान धरले, नाक घासलं. "चूक झाली महाराज. ही आग आत्ता विझवतो. पुन्हा कधी पेटणार नाही, माझी जबाबदारी!"

"नका विझवू!"

सगळ्यांनी वळून बघितलं. वाळूतून मथुआत्या सरपटत येत होती. जमिनीवर तिला धाप लागायची, पण ती थांबली नाही.

"महाराज, पाया पडते, ती ज्योत नका विझवू. ती पेटल्यापासून वाळू निवलीय. माझी पोरं आत हलायला लागलीत. विझवायचीच असेल तर आधी ते इंजिन नीट करा, त्याचं सांडणं बंद करा. ते होत नसेल तर बोट वाळूपासून लांब नेऊन बंद ठेवा. तेही होत नसेल तर जळू द्या वर. पण न जळता सोडू नका हो!"

मग धवलकांत, अर्धा काळा, खाली बसल्या बसल्या म्हणाला, "ऐकलंत? म्हातारी म्हणते, आग लावा."

सगळा धक्का हसला. हरणं हसली, ससे हसले. काल खोकणारे आज हसत होते.

"आत्याबाई," महाराज समजावणीच्या सुरात म्हणाले, "आम्ही धूर बंद केला तो तुमच्या अंड्यांसाठीच ना? आणि तुम्ही आगीची बाजू घेता? तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून आलात?"

"माझ्या अंड्यांच्या," आत्या म्हणाली.

त्यावर तर फारच हशा पिकला. आत्या स्वच्छतेच्या विरोधात आहे, धुरवाल्यांना सामील आहे, असं तिथल्या तिथे ठरलं. भिवाने ओलं पोतं आणलं. आणताना त्याने आत्याकडे बघितलं नाही. पोतं धुराड्यावर पडलं. फुस्स झालं. आकाश पुन्हा निळं, निर्मळ झालं. बोटीने भर समुद्रात फेरी मारली, बगळेसाहेब उरलेल्या पांढऱ्या बाजूने उभे राहिले, आणि शुद्धमतीला नवं पीस मिळालं.

मग ती धक्क्यापाशी येऊन डुलू लागली. घुर्रर घुर्रर.

आत्या खड्ड्यावर निथळत राहिली. ओली होऊन यायची, निथळायची, पुन्हा जायची. वाळू चटके देऊ लागली तरी जात राहिली. तिच्या पोटाची कातडी सोलवटली. आत हलणारं हळूहळू हलेनासं झालं. ती कान लावायची आणि "आहात रे?" विचारायची. मग तिने विचारणं सोडलं. उत्तराची भीती वाटू लागली होती.

पिल्लं बाहेर यायचा दिवस आला आणि गेला. दुसरा आला, तोही गेला. शेवटी एका सकाळी आत्याने स्वतःच खड्डा उकरला.

अंडी जशीच्या तशी होती. एकही फुटलं नव्हतं. तिने एक हळूच उचललं. ते जड होतं, आणि आतून घट्ट होतं. तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तुम्हाला सांगतो, उकडलेली होती. सगळी.

ती रडली नाही म्हणतात ते खोटं आहे. खूप रडली. वाळूवर तिचा आवाज लांबपर्यंत गेला.

आवाज ऐकून महाराजांची स्वारी वळली. किनाऱ्याची पाहणीच चालली होती. बरोबर रंगूशेठ होता आणि धवलकांत होता. धवलकांतने जळक्या बाजूला चुना फासला होता. तिघे खड्ड्याच्या काठावर उभे राहिले.

"अंडी?" महाराजांनी विचारलं.

धवलकांतने मान लांब केली. एकेक अंडं चोचीने फिरवून बघितलं. वरून बघितलं, खालून बघितलं. त्याचा चेहरा उजळला.

"महाराज, पाहा! पांढरीशुभ्र! शंभरावर अंडी आहेत आणि एकावरसुद्धा काजळीचा डाग नाही!"

"पूर्वी असं होतं?" महाराजांनी विचारलं.

"छे हो," रंगूशेठ म्हणाला. "पूर्वी वाळूसुद्धा काळी असायची."

"धन्य!" महाराज म्हणाले. "आत्याबाई, आता तरी पटलं ना?"

आत्याने त्यांच्याकडे बघितलं.

बगळेसाहेबांनी पंखातून एक पीस उपटलं आणि अंड्यांच्या मधोमध खोचलं. ढोल वाजले. स्वच्छ किनारा म्हणून त्या पट्ट्याची जंगलभर दवंडी पिटली गेली, आणि पुढच्या पौर्णिमेपासून रंगूशेठने तो बघायला येणाऱ्यांसाठी आणखी एक बोट सुरू केली.

मथुआत्या समुद्राकडे निघाली. फार सावकाश निघाली. वाटेत धक्क्याजवळ शुद्धमती होती, नुकतीच सुटत होती. भिवाला लाज वाटली. आत्याला आधी जाऊ द्यावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढं मन त्याला होतं.

म्हणून त्याने इंजिन अगदी हळू केलं, अगदी अगदी हळू, आणि ती लांब जाईपर्यंत तसंच ठेवलं. धुराड्यापलीकडचा माड वाकडा होऊन नाचत राहिला.

तात्पर्य : बाळांनो, अंगावर डाग पडू देऊ नका. बाकी तुमच्या हातून काय सांडलं, कुठे गेलं आणि कोणाची अंडी उकडली, हे विचारायला बगळा येत नाही. आणि आलाच, तर तो पीस घेऊन येतो.